फळीवरचे चौतीस होकार

मित्रांनो, परीक्षेला जाताना तुम्ही कागदाखाली जे पॅड धरता, त्याच्या आजीच्या वयाची मी आहे. आमच्या काळी पॅड हा शब्द फारसा कुणी वापरत नसे. मला सगळे फळी म्हणत. माझ्या डोक्यावर लोखंडी चिमटा आहे आणि त्याच्या वर खिळ्याला टांगण्यासाठी एक भोक आहे. अंगावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओरखडे आहेत. प्रत्येक ओरखडा कुठे पडला ते मला आठवते, पण सगळे सांगत बसले तर तुम्ही जांभया द्याल. म्हणून एकाच वर्षाची हकीकत सांगते. त्या वर्षी मी जवळजवळ एका माणसाची नोकरी घालवली होती.

आधी थोडे माझ्या जन्माविषयी. कपाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात, कपाटाची पाठ कापून उरलेल्या तुकड्यातून मी झाले. कारागिराने माझे कोपरे घासून गोल केले, चिमटा दोन रिबिटांनी ठोकला आणि तो नीट धरतो का हे पाहायला स्वतःचेच बोट त्यात घातले. मग त्याने जे उद्गार काढले ते मुलांसमोर सांगण्यासारखे नाहीत. पण त्यानंतर त्याने मला दोनदा पॉलिश केले. एरवी तो एकदाच करी.

पहिली सात वर्षे मी बस डेपोत होते. चालक यायचे, सही करायचे, मला टेबलावर आपटायचे आणि निघून जायचे. माझ्याशी कुणी दोन शब्द बोलले नाही. मग डेपोत जाडजूड रजिस्टर आले आणि मला जुन्या सामानात काढले. तिथून बाईंनी मला उचलले.

बाई म्हणजे सर्व्हेवाल्या बाई. गावात त्यांना याच नावाने ओळखत. लोकांना काय वाटते ते विचारून मोजणारी एक लहानशी कचेरी होती, छापखान्याच्या वर तीन खोल्यांची. बाई तिथे कामाला होत्या. कचेरीने दिलेली फळी पुठ्ठ्याची होती. ती जिना चढता चढता वाकायची आणि फॉर्मवर बाईंचे अक्षर नदीसारखे वळणे घेत जायचे. मला हातात घेतल्यावर बाई म्हणाल्या, "ही बरी आहे. ताठ कण्याची आहे." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

कचेरीचे प्रमुख मोठे साहेब. ते नावाचेच मोठे होते, उंचीने बाईंच्या खांद्याला लागत. त्यांचे नियम मात्र पक्के. प्रश्न छापला आहे तसाच वाचायचा. उत्तर ऐकताना भुवई उडवायची नाही. एका दारातले उत्तर दुसऱ्या दारात न्यायचे नाही, स्वतःच्या घरी तर नाहीच. आणि नात्यातल्या माणसाला कधी प्रश्न विचारायचे नाहीत.

बाईंनी हे नियम वीस वर्षे पाळले. मी मात्र पावसात त्यांची छत्री झाले, उन्हात पंखा झाले, आणि एकदा एका आडदांड कुत्र्यापुढे ढालसुद्धा झाले. तो ओरखडा डाव्या कोपऱ्यात आहे.

आता त्या वर्षाकडे येते. आमच्या भागात दोनच मोठे पक्ष होते. एकाची कचेरी टेकडीवर, दुसऱ्याची पुलाजवळ. त्यांची खरी नावे लांबलचक होती, म्हणून लोक त्यांना टेकडीवाले आणि पूलवाले म्हणत. कधी हे निवडून येत, कधी ते. पण फॉर्मवर "तुम्ही कोणत्या पक्षाचे?" या प्रश्नापुढे तिसरा चौकोन होता, "कोणत्याच नाही". आमच्या कचेरीत त्या लोकांना मोकळे म्हणत. सुरुवातीला शंभरात वीस-पंचवीस मोकळे असत. त्या वर्षी ते जवळजवळ निम्मे झाले. मोठ्या साहेबांना प्रश्न पडला की या मोकळ्यांना हवे तरी काय? त्यांनी नवा फॉर्म छापला. पान दोनवर प्रश्न होता, "दोन्ही पक्षांचा तुम्हाला कंटाळा आला आहे का?" आणि पान तीनवर, "एखादा नवा मोठा पक्ष निघावा असे तुम्हाला वाटते का?"

मित्रांनो, दारादारांत काय ऐकले म्हणून सांगू!

एक इस्त्रीवाला इस्त्री न थांबवता म्हणाला, "हवा की! उद्या काढा. कडक पाहिजे मात्र. चुकला की आत टाका, असा."

त्यानंतरच्या एका दारात ओल्या हातांच्या एक आजीबाई आल्या. "हवा गं बाई. पण जरा मवाळ बोलणारा असू दे. या मेल्यांची भांडणं ऐकून कान किटले."

एका निवृत्त तिकीट तपासनिसाने चष्मा पुसला, मला निरखून पाहिले आणि म्हणाला, "नवा पक्ष? अवश्य. फक्त त्यात नवीन माणसं नकोत. अनुभवी पाहिजेत."

बाईंनी नियमाप्रमाणे भुवई उडवली नाही. त्यांनी तिघांच्याही पुढे "हो" वर खूण केली. फॉर्मवर दोनच चौकोन होते, हो आणि नाही. पुढचे सगळे बोलणे वाऱ्यावर जायचे. ते बाईंना बरे वाटेना. म्हणून जिना उतरताना त्या मला उलटे करून माझ्या पाठीवर पेन्सिलीने लहान अक्षरांत लिहून ठेवू लागल्या. "हो, पण कडक." "हो, पण मवाळ." "हो, पण दुसऱ्या कुणीतरी काढावा, मला वेळ नाही." "हो, गंमत येईल." महिनाभरात माझी पाठ भरून गेली. कोणाचे नाव नाही, घर नंबर नाही, फक्त बोलणे.

बाईंचे एक मोठे भाऊ होते. त्यांना त्या दादा म्हणत आणि गाव मास्तर म्हणे. ते शाळेत गणित शिकवत. निवृत्तीला चार वर्षे उरली होती. बाई त्यांच्याच घरी राहत. घर वहिनींचे, स्वयंपाकघर वहिनींचे आणि शेवटचा शब्दही बहुतेक वहिनींचाच. दादा स्वतः मोकळ्यांपैकी. दर शनिवारी दुपारी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका मित्राच्या दुकानात ते बसत. तिथे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाईही येत. तिघे मिळून टेकडीवाल्यांना आणि पूलवाल्यांना समान नावे ठेवत. त्या वर्षी नावे ठेवता ठेवता त्यांनी नवा पक्ष काढायचे ठरवले. नाव ठरले, झेंड्याचा रंग ठरला. उभे कोण राहणार? दादा. कारण गावातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी कधी ना कधी पिळले होते.

पण उभे राहायचे तर कायद्याप्रमाणे आधी शाळेचा राजीनामा द्यावा लागणार होता. तोही ठरलेल्या शनिवारपर्यंत. एकदा दिलेला राजीनामा परत मिळत नसे, आणि चार वर्षे बाकी असताना सोडले तर निवृत्तिवेतनही बुडत असे. दादांनी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. ते म्हणत, "आकडा येऊ दे. चिमणीच्या कचेरीचा आकडा आला की देतो."

चिमणी म्हणजे आमच्या बाई. पन्नाशी उलटली तरी दादांना त्या चिमणीच.

आकडा यायच्या आठवडाभर आधी एक घोटाळा झाला. छापखान्यात एका गठ्ठ्याची पाने उलटसुलट टाचली गेली. पान तीन आधी आणि पान दोन नंतर. बाई छापले आहे तसेच वाचणार! त्यामुळे एका गल्लीत त्यांनी आधी नव्या पक्षाचे विचारले आणि मग कंटाळ्याचे. पंधराव्या दाराशी त्यांच्या लक्षात आले. पण गल्ली अर्धवट सोडायची नाही हाही नियमच होता. त्यांनी ती तशीच पूर्ण केली. त्या गल्लीत तीस मोकळे निघाले, आणि तिसांपैकी "हो" म्हणाले फक्त बारा.

बाकी गावात काय होत होते ते तेव्हा कळले. कंटाळा आला का, असे आधी विचारले की माणूस तापायचा. खुर्ची ओढून घ्यायचा, दोन्ही पक्षांचा उद्धार करायचा. मग त्या तापलेल्या तव्यावर पुढचा प्रश्न पडला की "हो" चटकन सुटून यायचा. थंडपणे आधी विचारले, तर लोक मान खाजवायचे. म्हणायचे, "नवा? कशाला बाई? आहेत तेच आवरेनात."

मोठ्या साहेबांनी तो गठ्ठा पाहिला आणि तांबड्या शाईने वर "खराब" असे लिहिले. "पानं उलटी लागली. हे धरता येणार नाहीत," ते म्हणाले. त्यांनी तो परत दिला तसा बाईंनी पिशवीत ठेवला. पण घरी येताना त्यांची माझ्यावरची पकड घट्ट होती.

बुधवारी वर्तमानपत्रात आकडा आला. मोकळ्या मतदारांपैकी शंभरात अडुसष्ट जणांना नवा मोठा पक्ष हवा!

दादा तो कागद घेऊन घरभर नाचले. "अडुसष्ट! अगं, माझ्या वर्गात पस्तीसला पास करतात!"

"नाचताय काय? सांधे धरतील," वहिनी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. शनिवार तीन दिवसांवर होता.

गुरुवारी संध्याकाळी जेवताना बाईंनी तोंड उघडले. मी शेजारच्या स्टुलावर होते. बाईंच्या ताटातले अन्न तसेच होते.

"दादा, मला एक सांगायचंय. सांगू नये, पण सांगते."

"सांग की."

त्यांनी उलट्या पानांची गोष्ट सांगितली. घर नंबर नाहीत, गल्ली कोणती ते नाही, फक्त तीस आणि बारा. दादांचा हात घासासकट थांबला.

"तुझ्या साहेबांनीच खराब ठरवलेत ना ते?"

"ठरवलेत."

"मग झालं. खराब म्हणजे खराब."

"पानं खराब होती दादा. माणसं नव्हती."

"ती गल्लीच तिरकी असेल. असतात अशा गल्ल्या. कोणती ती?"

"ते नाही सांगणार."

"सख्ख्या भावाला नाही सांगणार?"

"सख्ख्या भावाला तर नाहीच."

दादा चिडले. म्हणाले, "तुला नकोच आहे मी उभा राहायला. लहानपणी मी झाडावर चढलो तरी तू खालून रडायचीस."

"आणि तू पडायचास," बाई म्हणाल्या.

वहिनींनी मध्येच मला उचलले. तेलकट हात पदराला पुसून त्यांनी मला उलटे केले आणि माझी पाठ वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांना हसू आवरेना. "हो, पण कडक... हो, पण मवाळ... अहो, ऐका हे. हो, पण त्यात बायका जास्त हव्यात. हो, पण त्यात बायकांनी पडू नये. वन्सं, हे सगळे अडुसष्टातच धरलेत?"

"सगळे."

"म्हणजे यांनी पक्ष काढला की यातला एक खूश आणि बाकीचे रुसणार. आपल्याकडे लग्नाला माणसं बोलावली की होतं तसंच."

"तू मध्ये पडू नकोस," दादा म्हणाले.

"मध्ये नाही पडत. पण मला कुणी विचारलंय का? वन्सं विचारू शकत नाहीत, तो त्यांचा नियम. तुमचा कुठला नियम?"

दादा पाठ ताठ करून बसले. मग अगदी फॉर्म वाचल्यासारखे म्हणाले, "बरं. तुला नवा मोठा पक्ष हवा का?"

"हवा," वहिनी म्हणाल्या. "तुमचाच हवा. आणि तुम्ही शाळेत हवेत. लिहा कुठे लिहायचं ते."

दादांनी ताट सरकवले. "शुक्रवारी मी स्वतः फिरतो. समोरासमोर विचारतो. तुझा कंटाळ्याचा प्रश्न नाही, काही नाही. एकच प्रश्न, थंडपणे. आकडा अर्ध्याच्या वर आला तर शनिवारी राजीनामा. आणि चिमणे, ही फळी मी नेणार."

बाईंनी मला त्यांच्या हातात दिले. माझ्या चिमट्यात कोरा कागद होता. त्यांना वाईट वाटत होते की बरे, ते मला कळले नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर दादा निघाले. गावात पन्नास गल्ल्या, पण त्यांचे पाय नेमके त्या उलट्या पानांच्या गल्लीतच वळले. त्यांना काही ठाऊक नव्हते, ती फक्त शाळेपासून जवळ होती. माझ्या मात्र चिमट्यात कळ आली. आठच दिवसांपूर्वी याच उंबऱ्यांवर मी उभी होते. कोण काय म्हणाले होते ते सगळे माझ्यावरच लिहिले गेले होते.

पहिले दार उघडले. "अरे, मास्तर! या ना, आत या. पोरांनो, उठा, मास्तर आलेत!"

"बसत नाही. एकच विचारायचंय. नवा मोठा पक्ष निघावा असं तुला वाटतं का?"

"तुम्ही काढताय?"

"मी फक्त विचारतोय."

"मग हवाच! तुम्ही सांगाल तसं मास्तर."

दादांनी खूण केली. पुढचे दार, पुढची खूण. कुणी चहा पुढे केला, कुणी मुलाचे प्रगतिपुस्तक आणले. एका खोलीत एक जाडजूड गृहस्थ दाढी करत होते. ते अर्ध्या साबणासकट बाहेर आले आणि हात मागे बांधून, वर्गात उभे असल्यासारखे म्हणाले, "होय सर." सात नंबरच्या घरात आदल्या आठवड्यात काय उत्तर मिळाले होते आणि आज काय मिळाले, ते दोन्ही मला ठाऊक आहे. मात्र ते मी तुम्हालाही सांगणार नाही. माझा तो धर्म नाही.

दिवेलागणीला दादा घरी आले ते जवळजवळ धावतच.

"चिमणे! चौतीस जण भेटले. चौतीसपैकी चौतीस! एकही नाही म्हणाला नाही. तुझे ते बारा कुठे गेले?"

बाईंनी कागद पाहिला. खुणांची सरळ रांग होती, एकाच बाजूला. त्यांना ती गल्ली ओळखता आली असावी, कारण घर नंबर दादांनी सुबक अक्षरांत लिहिले होते.  कोपऱ्यातल्या पिशवीत त्यांचा तांबड्या शाईचा गठ्ठा होता. तो काढून त्या कागदाशेजारी ठेवला असता, तर दादांना घराघरांतला फरक दाखवता आला असता. अर्ध्या मिनिटाचे काम. भावाची नोकरी वाचली असती.

त्या उठल्या. पिशवीपर्यंत गेल्या. पिशवीवर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग परत येऊन बसल्या.

"काय गं?" दादांनी विचारले.

"काही नाही. चौतीसपैकी चौतीस, चांगलं आहे."

"चांगलं? अगं, शंभर टक्के!"

"हो ना. तुझ्या वर्गात कधी आलेत का रे असे? सगळ्यांना पैकीच्या पैकी?"

बाईंनी हे सहज विचारले की मुद्दाम, देव जाणे. पण दादा हसत हसत म्हणाले, "आले होते एकदा. सहामाहीला. सबंध वर्गाला पन्नासपैकी पन्नास. तेव्हाच मी ओळखलं की..."

आणि ते थांबले.

वहिनी भांडी पुसत होत्या, त्यांचाही हात थांबला.

"काय ओळखलंत?" वहिनींनी विचारले.

दादांनी मला मांडीवर घेतले. त्या सरळ रांगेवरून वरून खाली बोट फिरवले, मग खालून वर. गणिताच्या वह्या तपासताना ते असेच बोट फिरवत.

"की उत्तर फळ्यावर आधीच लिहिलेलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मीच पुसायचं विसरलो होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "आज तर मीच फळा होऊन फिरलो, चिमणे. पोरांनी माझ्या तोंडाकडे बघून उत्तर लिहिलं."

 मग वहिनी म्हणाल्या, "तुमच्यावर जीव आहे त्यांचा, एवढं खरं."

"जीव आहे. मत आहे का ते मला माहीत नाही. आणि उद्या शनिवार आहे."

दुसऱ्या दिवशी दादा नेहमीच्या वेळेला शाळेत गेले. राजीनामा खिशातच होता. मला त्यांनी नेले नाही, म्हणून तिथे काय झाले ते मी पाहिले नाही. एवढेच पाहिले की दुपारी ते परत आले तेव्हा त्यांच्या काखेत तिमाहीच्या वह्यांचा गठ्ठा होता, तपासायला आणलेला. वहिनींनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि काही न विचारता टेबलावर ठेवला. मग आत जाऊन उगीचच दोनदा तोंड धुतले.

घड्याळवाल्यांना फार राग आला. "मास्तरांनी ऐन वेळी कच खाल्ली," असे ते चौकात म्हणाले, आणि गावाने ते महिनाभर म्हटले. दादांनी ऐकून घेतले. शेवटी घड्याळवाले स्वतः उभे राहिले. त्यांचे दुकान स्वतःचे होते, त्यांना राजीनामा कुणाकडे द्यायचा नव्हता. दादांना प्रचार करायला कायद्याने बंदी होती, म्हणून ते शनिवारी दुकानात बसून नर्सबाईंना पत्रकांची गणिते तपासून देत. किती घरे, किती पायऱ्या, किती दिवस.

निकाल लागला. नव्या पक्षाला शंभरात चौदा मते पडली. टेकडीवाले निवडून आले.

चौदा म्हणजे थोडी की पुष्कळ, यावर गावात बरेच दिवस वाद चालला. घड्याळवाल्यांना ती थोडी वाटली आणि त्यांनी तीन दिवस दुकान उघडले नाही. नर्सबाईंना पुष्कळ वाटली. त्या म्हणाल्या, "चौदा माणसं शंभरातली. नुसतं बोलणं नव्हे, रांगेत उभं राहून दिलेली मतं. आता या चौदांना नीट विचारू या." पुढच्या खेपेला ती एकोणीस झाली. अडुसष्ट कधी झाली नाहीत. पण पालिकेत त्यांचे दोघे बसले, आणि टेकडीवाले व पूलवाले दोघेही बोलताना जरा जपून बोलू लागले.

बाईंनी त्या शनिवारनंतरच्या सोमवारी कचेरीत जाऊन मोठ्या साहेबांना स्वतःच सांगितले, "खराब फॉर्मचा आकडा मी घरी बोलले." साहेबांनी त्यांना पंधरा दिवस बाहेर पाठवले नाही, टेबलापाशी बसवून कागद लावायला लावले. मीही तिथेच खिळ्याला टांगलेली. पण त्यानंतरच्या प्रत्येक पाहणीत निम्मे फॉर्म उलट्या क्रमाने छापून येऊ लागले. तसा नियमच झाला. तो कुणामुळे झाला हे त्या कचेरीत आता कुणालाही ठाऊक नसेल.

दादा उभे राहिले असते तर किती मते पडली असती? चौदा, की चाळीस? ते कुणालाच सांगता येणार नाही. तो फॉर्म कुणी छापलाच नाही. बाईंना याची बोच शेवटपर्यंत होती. पुष्कळ वर्षांनी, दादा निवृत्त होऊन घरी बसले होते तेव्हा, एका दुपारी चहा घेताना त्यांनी विचारलेच.

"दादा, मी तुला अडवलं का रे?"

दादांनी बशी खाली ठेवली. "तू? तू तर पिशवीवर हात ठेवून परत आलीस. मी पाहिलं होतं."

"पाहिलं होतंस?"

"अगं, मास्तर मी. कोण खिशातून चिठ्ठी काढतंय आणि कोण काढता काढता थांबलं, हे मला पाठमोरं कळतं. तू गठ्ठा काढला असतास ना, तर मी तुझ्याशी भांडलो असतो आणि हट्टानं राजीनामा दिला असता. नाही काढलास, म्हणून विचार करावा लागला."

 बाईंनी त्यांच्या कपात उरलेला चहा दादांच्या कपात ओतला.

आता बाई नाहीत, दादा नाहीत. वहिनी खूप थकल्या आहेत, पण आहेत. हल्लीच्या पाहण्या काचेच्या पाट्यांवर होतात. बोट लावले की खूण होते. त्यांना माझा हेवा वाटायचे कारण नाही आणि मलाही त्यांचा वाटत नाही. माझी एक रिबीट निसटली आहे, चिमटा तिरका धरतो. वहिनी माझ्यावर औषधांच्या चिठ्ठ्या लावतात. माझी पाठ कुणी पुसली नाही, पण पेन्सिल आपोआप फिकी होत गेली. आता उन्हात तिरके धरले तरच दोन-चार शब्द वाचता येतात.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मोठे झाल्यावर तुम्ही कुणाला काही विचारायला जाल, किंवा तुमच्या दारात कुणी विचारायला येईल. विचारणाऱ्याचा चेहरा पाहून उत्तर देऊ नका, आणि कुणाला तसे देऊ देऊ नका. तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलेले उत्तर कुणाच्याही फायद्यासाठी दुसऱ्याला दाखवू नका, अगदी आपल्या माणसाच्या भल्यासाठीसुद्धा. आणि "हो" ऐकले की लगेच पेन उचलू नका. थोडे थांबा. समोरचा माणूस श्वास घेऊन आणखी काही बोलणार असतो.